पाटी उत्तम, अर्थ दुसरीचा

आधी कामाचं सांगते, मग माझं पुराण. नाशिकच्या कॉलेज रोडच्या आतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, नावाच्या लाकडी पाट्या आणि भेट द्यायच्या फ्रेमा करून देणारं दुकान आहे. लाकूड खरं सागवान, कोरीव काम स्वच्छ, चालवणारा मुलगा बोलायला गोड. दारावरची साधी पाटी करायची असेल तर बिनधास्त जा. पण 'नाव आणि नावाचा अर्थ' अशी जी पाटी ते करतात, तिच्यातला अर्थ घरून लिहून न्या. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोरगा अजून तिशीचाही नाही, कर्ज काढून लेझरचं मशीन घेतलंय, आणि चूक पदरात घालून घेतली त्याने. एवढं पुरे.

माझं नाव शर्ली. बासष्टचा जन्म, शरणपूर रोडवरचा. चौतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि या चौतीस वर्षांत माझं नाव एकदाही धड लिहिलेलं मी पाहिलं नाही. शेर्लीबाई, शिरलीबाई, शर्लीनबाई. एका पालकाने रजेच्या अर्जावर 'शिर्के बाई यांस' असं लिहिलं होतं. मी तो अर्ज मंजूर केला. शिर्के तर शिर्के, पोराला ताप होता ना.

या वर्षी आमची जुनी बैठी घरं पाडून बिल्डिंग झाली, नव्या फ्लॅटमध्ये आलो. सुनेच्या मनात आलं, मम्मींच्या नावाची पाटी लावू दारावर. नुसतं आडनाव नको, त्यांचं नाव, आणि खाली नावाचा अर्थ. मला कळू द्यायचं नव्हतं. पण दुकानातून व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना आला, आणि ती इंग्रजी माध्यमातली, तिला खात्री वाटेना. फोन पुढे करून म्हणाली, "मम्मी, सरप्राइज होतं खरं, पण हे बरोबर लिहिलंय का बघा ना."

पडद्यावर मोठ्ठं लिहिलं होतं : 'र्शली'.

ज्यांनी आयुष्यभर 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' झालेल्या लग्नपत्रिका पाहिल्यात त्यांना माझी अवस्था कळेल. रफार हा उच्चारात आधी येतो म्हणून लोक त्याला लिहितानाही आधी बसवतात. तो बसायचा असतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'शर्ली'तला र बोलायचा ली-च्या आधी, पण फेटा बांधायचा तो ली-लाच. पाचवीच्या वर्गात हे मी दर वर्षी जूनमध्ये शिकवायचे आणि दर वर्षी मार्चमध्ये पेपर तपासताना रडायचे.

त्या रफाराखाली बारीक अक्षरात असं होतं : 'मूळ : हिब्रू. अर्थ : माझे गाणे. स्वभाव : मृदू व कलाप्रिय. शुभ रंग : पिवळा. शुभ अंक : ६.'

मी चप्पल घातली आणि निघाले.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत नमुने टांगलेले, मागच्या खोलीत मशीन. जिना चढतानाच जळक्या सागाचा वास येतो. मला तो आवडला. लेझर लाकूड कापत नाही, जाळत जातो, म्हणून अक्षराच्या कडा तपकिरी-काळ्या होतात. हा मुलगा कोरायच्या आधी लाकडावर कागदी चिकटपट्टी लावतो, त्यामुळे काजळी पट्टीवर राहते आणि पट्टी सोलली की आजूबाजूचं लाकूड कोरं निघतं. बाकी ठिकाणी मी पाहिलंय, अक्षराभोवती धुराचा डाग तसाच ठेवतात आणि वर पॉलिश मारून 'अँटिक लुक' म्हणतात. इथे ते नाही. लाकूडही जुनं घेतो. गावातले वाडे पडतायत, त्यांच्या तुळया-चौकटींचं सागवान. अनेक वर्षं वाळलेलं लाकूड, ते पावसाळ्यात फुगत नाही की वाकत नाही. एमडीएफवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला स्वस्त प्रकारही आहे, पण तो हा एमडीएफ म्हणूनच विकतो. हे आवडलं.

"काकू, काय दाखवू?"

मी फोन दाखवला. रफाराची चूक त्याने लगेच मानली. म्हणे, एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्यात नेलं की रफार उडी मारतो. मारत असेल. उडी मारलेला परत पकडून आणायचा असतो, एवढंच मी म्हटलं. मग अर्थाचं विचारलं.

"तो बरोबरच असणार काकू. लिस्ट आहे ना आपल्याकडे. साडेचार हजार नावं आहेत."

"लिस्ट कुठून आणलीस?"

"नेटवरून."

आता हे लक्षात घ्या की त्याच्या लिस्टमधलं ते साफ खोटं नव्हतं. हिब्रूत 'शीर' म्हणजे गाणं आणि 'ली' म्हणजे माझं, मला. शिरली असं मुलीचं नाव तिकडे खरंच ठेवतात. आमच्या पाळकांनी एकदा सांगितलं होतं, स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही जी यरुशलेमला चढून जाताना म्हणायची स्तोत्रं आहेत, त्यांच्या मथळ्यात हाच 'शीर' शब्द आहे. गोड अर्थ आहे. फक्त तो माझा नाही. दुसऱ्या बाईची साडी धोब्याने माझ्या गाठोड्यात घालावी, तसं झालं. साडी कितीही भारी असली तरी नेसायची कशी?

मुलाला मी सारा या नावाचं उदाहरण दिलं. सारा म्हणजे हिब्रूत राजकन्या, अब्राहामाची बायको. आणि आपल्या तलाठ्याकडे सारा म्हणजे शेतसारा. उद्या कुणा सारा नावाच्या मुलीच्या पाटीवर 'अर्थ : जमिनीवरील कर' असं छापशील का? तो हसला. म्हणाला, "बसा ना काकू." पोरं हसली की अर्धं काम झालेलं असतं.

माझ्या नावाचा खरा प्रवास असा, की ते मुळात माणसाचं नावच नाही. ते गाव आहे. इंग्लंडमध्ये शर्ली नावाची गावं बरीच आहेत, साउदॅम्प्टनला एक, सॉलिहलजवळ एक, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये एक, डर्बीशायरमध्ये एक. जुन्या इंग्रजीतले दोन शब्द जोडून ते झालंय. शेवटचा 'ली' म्हणजे 'लेआह', रान किंवा रानातली झाडं काढून केलेली मोकळी जागा. पहिल्या शब्दाचा उच्चार साधारण 'शीर'च, आणि गोम तिथेच आहे. जुन्या इंग्रजीत तसाच लिहिला जाणारा एक शब्द म्हणजे उजळ, लख्ख, आणि दुसरा म्हणजे परगणा, ज्यापासून यॉर्कशायर-डर्बीशायरमधला 'शायर' आला. त्यामुळे काही जाणकार 'उजळ मोकळी जागा' म्हणतात, काही 'परगण्याचं रान'. हिब्रूत शीर म्हणजे गाणं, इंग्रजीत उजेड किंवा परगणा, आणि मराठीत शीर म्हणजे रक्त काढायला गेलं की नर्सला सापडत नाही ती. एकाच आवाजाची तीन बिऱ्हाडं. हा योगायोग लिस्ट करणाऱ्याला कुठून कळायला.

आपल्याकडे हे परकं वाटू नये. पिंपळगाव बसवंत, चिंचखेड, उंबरठाण, पळसे, सगळी झाडांवरून पडलेली गावं. इंग्रजांची अ‍ॅश्ली म्हणजे अ‍ॅश नावाच्या झाडांतली मोकळी जागा, म्हणजे त्यांचं पिंपळगावच की. हेली म्हणजे चाऱ्याच्या गवताचं कुरण. फरक इतकाच, की आपण गावाला 'कर' जोडून आडनाव करतो आणि तिथे थांबतो. पिंपळगावकर चालतं, पण मुलीला कुणी 'ए पिंपळगाव, जेवायला ये' अशी हाक मारत नाही. इंग्रजांनी मारली. गावाचं आडनाव झालं, आडनावाचं पुरुषाचं पाळण्यातलं नाव झालं.

हो, पुरुषाचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शर्ली हे बाईचं नाव नव्हतंच म्हणा ना. १८४९ साली शार्लट ब्राँटीची 'शर्ली' नावाची कादंबरी आली, तीही 'करर बेल' या टोपणनावाने. तिची नायिका जमीनदारीण. आईवडिलांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, तर मुलासाठी राखून ठेवलेलं घराण्यातलं पुरुषी नाव तिलाच ठेवून दिलं. वाचणाऱ्यांना तेव्हा ते विचित्र वाटलं असणार, आपण मुलीला 'बाजीराव' म्हटल्यासारखं. पण नाव चिकटलं ते बायकांनाच. आज कुणी पुरुष शर्ली भेटला तर लोक वळून बघतील.

मी हे एचपीटी कॉलेजात असताना पहिल्यांदा ऐकलं. विषय माझा मराठी, पण इंग्रजीच्या तासाला नाव वाचताना सर थांबले आणि म्हणाले, तुझं नाव एका कादंबरीने बायकांना मिळवून दिलंय. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "कसली कादंबरी? तुझं नाव मी सिनेमात पाहून ठेवलं."

तेही खरंच. माझे आजोबा देवळाली कॅम्पात एका साहेबाकडे खानसामा होते. बाबा सात-आठ वर्षांचे असताना तिथे सैनिकांसाठी दाखवायच्या सिनेमाला मागच्या बाजूने, पडद्याच्या पाठीमागून बघायला मिळायचं. सगळं उलटं दिसायचं, अक्षरंसुद्धा. तिथे त्यांनी शर्ली टेंपल पाहिली. १९२८ चा जन्म, म्हणजे बाबांच्याच वयाची पोर, डोक्यावर कुरळ्या बटा. त्या ५६ असायच्या आणि आई रोज मोजून घालायची, असं सांगतात. १९३५ ते १९३८ सलग चार वर्षं अमेरिकेत तिकीटबारीवर तीच पहिली होती, मोठमोठे नट तिच्या मागे. १९३५ आणि १९३६ साली तिकडे जन्मलेल्या मुलींच्या नावांत मेरीच्या खालोखाल दुसरा नंबर शर्लीचा होता. पुढे ही पोर मोठी होऊन घाना आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांत अमेरिकेची राजदूत झाली. बाबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त ती पायऱ्यांवर टकटक नाचणारी मुलगी आठवत होती, आणि बासष्ट साली मी झाले तेव्हा त्यांनी दुसरं नाव ऐकूनच घेतलं नाही. आजीला 'रूथ' हवं होतं. आजी मरेपर्यंत मला शिरू म्हणायची.

हे सगळं मी दुकानात सांगितलं का? बरंचसं सांगितलं. निवृत्त शिक्षिकेला स्टूल दिलं की असं होतं. 'काकू'ची तोवर 'बाई' झाली होती, त्याने चहाही मागवला.

तेवढ्यात एक गंगापूर रोडकडच्या ताई आल्या, कुत्रीच्या गळ्यातला पितळी बिल्ला न्यायला. हे दुकान तेही करून देतं, दीडशे रुपयांत, नाव एका बाजूला आणि फोन नंबर दुसऱ्या. कुत्रीचं नाव डेझी. गंमत म्हणून मुलाने लिस्ट उघडली : 'डेझी – एक फूल.' हे म्हणजे 'कमल – एक फूल' म्हणण्यासारखं, चूक नाही आणि काही सांगतही नाही. डेझी हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'दिवसाचा डोळा' या दोन शब्दांपासून आलाय. ते फूल सकाळी उघडतं आणि संध्याकाळी पाकळ्या मिटून घेतं, म्हणून. ताई इतक्या खूश झाल्या की बिल्ल्यावर 'दिवसाचा डोळा' कोरून मागायला लागल्या. बिल्ला रुपयाच्या नाण्याएवढा. फोन नंबर काढावा लागला असता. मीच म्हटलं, राहू द्या, हरवली तर अर्थावरून कोण आणून देणार.

आता थोडं विषयांतर, पण हे शरणपूरच्या माणसाने सांगितलं नाही तर कोण सांगणार. तो 'ली' अजून एका नावात आहे, स्टॅन्ली. दगडाळ मोकळी जागा. आफ्रिकेत डॉक्टर लिव्हिंग्स्टन या मिशनरी-प्रवाशाला शोधायला गेला तो स्टॅन्ली. त्याने परतल्यावर लिव्हिंग्स्टनसाठी जी माणसं पाठवली त्यांत नाशिकची पोरं होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं, आमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेली आणि शिकलेली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं काळीज तिथे एका झाडाखाली पुरलं आणि त्या झाडाच्या बुंध्यावर नाव नि तारीख कोरली ती या जेकबने, कारण लिहिता येत होतं त्याला. मग सगळ्यांनी मिळून देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. वेनराइट या आडनावाचा अर्थ गाडे बनवणारा सुतार. मी मुलाला म्हटलं, लाकडावर नाव कोरण्यात नाशिकचं नाव फार लांब गेलेलं आहे, जरा सांभाळून.

तर पाटी. अठरा इंच लांब, आठ इंच उंच, पाऊण इंच जाड. ठरलेला भाव २,४००. चुकीचा नमुना नुसता फोनवर असता तर प्रश्न नव्हता, पण पठ्ठ्याने मंजुरी यायच्या आधीच लाकडावर कोरूनही टाकला होता. मागच्या खोलीतून तो 'र्शली' घेऊन आला तेव्हा त्याचाच चेहरा पडला. घासून काढायला अक्षरं खोल. शेवटी पाटी उलटी करून मागची बाजू रंधून घ्यायची आणि तिच्यावर कोरायचं ठरलं. म्हणजे माझ्या दारावरच्या पाटीच्या पाठीला, भिंतीकडे तोंड करून, अजून ती हिब्रू शिरली आहे, शुभ रंगासकट. रंधायचे आणि पुन्हा कोरायचे ४०० रुपये जास्त मागितले. मी म्हटलं, रफार तुझा, तेव्हा त्याचे पैसे नाहीत. अर्थ नेटचा, तो तू तपासला नाहीस आणि सुनेने विचारला नाही, तेव्हा अर्धे अर्धे. २०० वर तुटलं.

काय कोरायचं यावर मात्र आम्ही बराच वेळ घातला. तीन ओळींची जागा. त्याने विचारलं, "बाई, अर्थ दोन आहेत म्हणता, मग कुठला टाकू?" प्रश्न चांगला होता. मी उजळ घेतला. परगण्याचं रान कदाचित जास्त खरं असेल, गावोगावचं वेगळं असेल, पण दारावर रोज बघायची पाटी आहे, जमाबंदीचा कागद नव्हे. शेवटी असं कोरलं :

शर्ली
इंग्लंडातील गावांचे नाव
रानातील उजळ मोकळी जागा

शुभ अंकाला फाटा दिला. स्वभावालाही. माझा स्वभाव मृदू आहे असं लिहिलं असतं तर शाळेतली जुनी पोरं जिन्यात उभी राहून हसली असती.

काम आलं ते बघण्यासारखं. रफार ली-च्या वेलांटीला लागून असा बसलाय, जरासा मागे झुकून, की बोट फिरवावंसं वाटतं. मी फिरवलंही. अक्षराचा तळ गुळगुळीत, कडा करकरीत, आणि सागाच्या रेषा श-च्या पोटातून सरळ आडव्या गेल्यात. पॉलिश चकचकीत नाही, तेलाचा हात आहे नुसता. याला पाचपैकी पाच.

दोष दोन. एक, मागे टांगायच्या पट्ट्या वर-खाली बसवल्यात, सव्वा सूत तरी फरक असेल. माझ्या मुलाने भिंतीत गिट्टी-स्क्रू अगदी मापून मारले तरी पाटी डावीकडे कलली. एका बाजूला पुठ्ठ्याची घडी घालून सरळ केलीय. दुसरा, दिलेली तारीख पाळली नाही. शुक्रवार सांगून पुढच्या बुधवारी दिली. मध्ये दोनदा फोन केला तर मशीनची काच फुटलीय म्हणाला. फुटली असेल.

लिस्ट अजून तीच आहे. मी विचारलं, काढून टाक ना. तर म्हणतो, बाई, गिऱ्हाईक अर्थाचेच पैसे जास्त देतं. नुसत्या नावाची पाटी १,६००, अर्थ घातला की २,४००. म्हणजे आठशे रुपये अर्थाचे, आणि अर्थ फुकटातला उचललेला. याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याने शर्लीची ओळ माझ्यासमोर दुरुस्त केली. हिब्रू 'शिरली' वेगळी टाकली, इंग्रजी 'शर्ली' वेगळी. साडेचार हजारांतली एक झाली. डेझीचीही केली, तिथे 'दिवसाचा डोळा' टाइप करताना त्याने डोळा-तला ळ चुकून ल केला होता, तो मी तिथल्या तिथे पकडला.

मुलांची नावं हल्ली इंग्रजी-हिंदी-फारसी सगळीकडून येतात, तेव्हा अर्थाची पाटी करायची हौस असेल तर आपल्या सार्वजनिक वाचनालयात एक चक्कर मारा, १८४० पासूनचं वाचनालय आहे, कोश बघायला मिळतात. एखाद्या जुन्या माणसाला विचारा. कागदावर नीट अक्षरात लिहून न्या, रफार-वेलांटीला लाल शाईने गोल करा. आणि लाकडावर कोरायच्या आधी नमुना मोठा करून बघा, नुसता अंगठा दाखवू नका.

दुकान सोमवारी बंद. गाडी गल्लीत लावायला जागा नाही, कॉलेज रोडलाच लावून चालत या. जिना अरुंद आणि कठडा हलतो. गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारा, पोरगा नमुने घेऊन खाली येतो.